विणकरांच्या टेकडीवर

फ्रान्सच्या ल्यों शहरात क्र्वा-रुस नावाची टेकडी आहे. तिथे भाड्याचं घर शोधायला निघालं की जाहिरातींत ‘कानू घर’ असा उल्लेख सतत दिसतो. कानू म्हणजे रेशीम विणणारा कारागीर. कानू घर म्हणजे जवळजवळ चार मीटर उंचीची खोली, छताला उघड्या लाकडी तुळया, रस्त्याच्या बाजूला उंचच उंच खिडक्या आणि भिंतीला लागून झोपण्यापुरता एक लाकडी पोटमाळा. आज अशा घराला भाडं जास्त पडतं. एकोणिसाव्या शतकात हीच घरं गरिबांची होती आणि त्यांची उंची माणसांसाठी मुळी ठेवलेलीच नव्हती. ती मागासाठी होती. मागाच्या डोक्यावर जॅकार्डचं यंत्र बसायचं, त्याला तेवढी जागा लागायची.

मी सोलापूरची. ‘जॅकार्ड’ हा शब्द माझ्या कानावर शाळेत जायच्या आधीपासून आहे. सोलापुरी चादरीची दोन्ही बाजूंनी दिसणारी नक्षी जॅकार्डवरच निघते. पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं एकाला एक शिवून केलेल्या लांबलचक माळा आमच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत छताखाली फिरत असत. जॅकार्ड, फ्रेंच उच्चारात जाकार, हे एका माणसाचं आडनाव होतं, हे मात्र क्र्वा-रुसच्या चौकात जोझेफ-मारी जाकारचा पुतळा पाहिला तेव्हा कळलं. तो 1752 साली याच शहरात जन्मला. नोकरीसाठी मी ल्योंला आले होते. ही टेकडी आपल्या ओळखीची निघेल, असं काही मनात नव्हतं. त्यानंतर मी हे शहर पाहिलं ते विणकरांच्या बाजूने, आणि माझं ठाम मत झालं आहे की ते तसंच पाहायला हवं.

पण आधी घर मिळायला हवं, आणि फ्रान्समध्ये घर मिळतं ते कागदांवर. घरमालकाला किंवा एजंटाला ‘दोसिए’ म्हणजे कागदपत्रांची फाइल द्यावी लागते. तिच्यात ओळखपत्र, नोकरीचा करार, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि आयकराचा कागद लागतो. पगार भाड्याच्या तिप्पट असावा, असा रिवाज आहे. शिवाय जामीन राहणारा कुणी हवा. नव्याने आलेल्या माणसाकडे यातलं निम्मं नसतंच. तीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी ‘व्हिझाल’ नावाची जामिनाची मोफत सोय आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने विमानात बसण्यापूर्वी ती समजून घ्यावी. घर ताब्यात घेताना एजंटासोबत खोली-खोलीत फिरून भिंतीवरचं प्रत्येक भोक, फरशीवरचा प्रत्येक ओरखडा लिहून दोघांनी सह्या करायच्या. घर सोडताना हाच कागद पुढे येतो, आणि अनामत परत मिळणार की नाही ते त्यावर ठरतं. हे लिहिण्यात वेळ गेला तरी जाऊ द्यावा.

पुढचे कागद त्यामागोमाग येतात. लांब मुदतीचा व्हिसा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंदवावा लागतो. मग सामाजिक सुरक्षेचा क्रमांक, आणि बऱ्याच प्रतीक्षेनंतर फोटो असलेलं हिरवं ‘कार्त व्हिताल’ म्हणजे आरोग्यविम्याचं कार्ड. आपला एक नेहमीचा डॉक्टर जाहीर करायचा असतो. त्याच्यामार्फत गेलं तर साध्या डॉक्टरच्या ठरलेल्या फीपैकी 70 टक्के रक्कम सरकारी विमा देतो आणि तसं न करता गेलं तर 30 टक्केच. उरलेल्या रकमेसाठी ‘म्युच्युएल’ म्हणजे पूरक विमा असतो. 2016 पासून खासगी कंपन्यांना तो कर्मचाऱ्यांना द्यावाच लागतो आणि त्याचा निदान निम्मा हप्ता भरावा लागतो. नोकरीत काही वाद झाला तर ‘प्र्युदोम’ नावाचं कामगार न्यायालय. तिथे न्यायनिवाड्याला बसणारे निम्मे लोक कामगारांच्या बाजूचे असतात आणि निम्मे मालकांच्या.

ही नावं मी सुरुवातीला फक्त कार्यालयांची नावं म्हणून पाठ केली होती. त्यांच्यातल्या काहींची मुळं माझ्या खिडकीखालच्या गल्ल्यांत आहेत, हे कळायला टेकडीचा इतिहास वाचावा लागला.

ल्यों दोन नद्यांचं शहर आहे. रोन आल्प्सकडून वेगाने येते, सोन उत्तरेकडून संथ येते, आणि दोघींच्या मधल्या जिभेवर शहराचा मध्यभाग वसला आहे. ख्रिस्तपूर्व 43 मध्ये रोमनांनी सोनच्या पश्चिमेला, फुर्व्हिएर टेकडीवर हे शहर वसवलं. त्यांचं नाट्यगृह तिथे अजून आहे आणि उन्हाळ्यात त्याच दगडी पायऱ्यांवर बसून लोक गाण्याचे कार्यक्रम ऐकतात. फुर्व्हिएरवर मोठं चर्च आहे म्हणून ती प्रार्थना करणारी टेकडी, आणि समोरची क्र्वा-रुस काम करणारी टेकडी, अशी गावात जुनी विभागणी आहे. इथला चढ असा की 1862 मध्येच दोराने ओढली जाणारी रेल्वे सुरू करावी लागली. आजची मेट्रोची ‘सी’ लाइन दातेरी रुळावरून चढते आणि वाटेतल्या क्र्वा-पाके स्थानकाचा फलाटही उतरता आहे. भाजीच्या पिशव्या घेऊन तिथे उभं राहताना तोल सांभाळावा लागतो.

1536 मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने ल्योंला रेशीम विणण्याची परवानगी दिली आणि पुढची तीनशे वर्षं या शहराचं पोट धाग्यावर चाललं. नक्षीचं कापड विणायला आधी दोन माणसं लागत. एक विणणारा आणि दुसरा नक्षीप्रमाणे ताण्याचे दोर ओढणारा. दोर ओढायला बहुतेक वेळा लहान मुलं असत, दिवसभर मागाच्या कडेला वाकलेली. जाकारचं यंत्र आलं ते साधारण 1804 च्या सुमारास. त्याच्या आधीच्या कारागिरांनीच, बुशों, फाल्कों आणि व्होकांसों यांनी, भोकाच्या कागदाची आणि कार्डांची कल्पना टप्प्याटप्प्याने घडवत आणली होती. जाकारने ती मागावर नीट चालेल अशी जुळवली. कार्डात भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक ओळ. 1839 मध्ये ल्योंच्या एका कारखान्याने जाकारचं चित्र रेशमात विणलं, त्याला तब्बल 24,000 कार्डं लागली. छापील चित्र वाटावं असं ते कापड इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने आपल्या घरी लावलं होतं आणि आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना त्याने जाकारकडूनच घेतली. संगणकाच्या इतिहासात हे पान नेहमी येतं. दोर ओढणाऱ्या मुलांचं पान क्वचितच येतं.

टेकडीवर आजही हे माग चालताना पाहता येतात. ‘मेझों दे कानू’ मध्ये प्रात्यक्षिक होतं. ‘स्वारी व्हिव्हांत’ ही रहिवाशांची संस्था आहे, तिने विणकरांच्या जुन्या कार्यशाळा आहेत त्या जागी सांभाळल्या आहेत. अशा एका कार्यशाळेत मी उभी होते. दाखवणाऱ्या बाईंनी पायटा दाबला, वरची कार्डं एक घर पुढे सरकली, धोटा सुटला आणि फणी आपटली. त्या आवाजावरून इथल्या लोकांनी मागाला ‘बिस्तांक्लाक’ असं नाव पाडलं आहे. आमच्याकडेही चादरी अशाच होतात, असं मी सांगितलं तेव्हा बाईंनी प्रात्यक्षिक थांबवून सगळ्यांसमोर मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. धागा कुठला, कांड्या कोण भरतं, कार्डं अजून पुठ्ठ्याचीच का, माग घरात असतो की कारखान्यात. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. फ्रान्समध्ये मला परकेपणा सगळ्यांत कमी वाटला तो त्या खोलीत.

कानूचं घर, कार्यशाळा आणि संसार एकाच खोलीत असे. खाली माग, पोटमाळ्यावर झोपायची जागा. व्यापारी टेकडीखाली राहत. ते रेशीम आणि नक्षी देत, माग मात्र कारागिराचा स्वतःचा, आणि मजुरी दर वारावर. 1830 च्या सुमारास शहरात सुमारे 8,000 मागवाले आणि त्यांच्या हाताखाली सुमारे 30,000 विणकर होते. मागणी पडली की दर पडायचे. ऑक्टोबर 1831 मध्ये प्रीफेक्ट म्हणजे सरकारच्या जिल्हाप्रमुखाच्या मध्यस्थीने किमान दरांचा तक्ता ठरला. शंभरहून अधिक व्यापाऱ्यांनी तो मानायला नकार दिला. 21 नोव्हेंबरला विणकर काळा झेंडा घेऊन टेकडी उतरले. काम करून जगू, नाहीतर लढून मरू, असं त्या झेंड्याशी जोडलेलं वचन आजही इथे पुष्कळांना माहीत असतं. काही दिवस शहर त्यांच्या हातात होतं. मग सैन्य परत आलं आणि त्याने रक्तपात न करता शहराचा ताबा घेतला. तक्ता रद्द झाला, तो घडवून आणणारा प्रीफेक्टही गेला. 1834 च्या एप्रिलमध्ये पुन्हा उठाव झाला आणि तो अधिक रक्तपाताने मोडण्यात आला.

हरलेल्यांनी मागे काय ठेवलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उठावांच्या आधीच, मालक आणि कारागीर यांचे तंटे सोडवणारं फ्रान्समधलं पहिलं प्र्युदोम मंडळ 1806 मध्ये याच शहरात, रेशमाच्या धंद्यासाठी स्थापन झालं. 1828 मध्ये मागवाल्यांनी परस्पर-मदतीची संस्था काढली. आजारपणात, बेकारीत एकमेकांना आधार द्यायचा आणि दर पडू द्यायचे नाहीत, असा तिचा हेतू. 1831 मध्ये त्यांनी ‘एको द ला फाब्रिक’ हे स्वतःचं साप्ताहिक सुरू केलं. 1835 मध्ये ग्रांद-कोत या चढावर एक सहकारी किराणा दुकान निघालं. फ्रान्समधल्या सहकारी दुकानांची सुरुवात तिथून मोजतात. तो चढ मी भाजी घेऊन रोज चढते. कपाटातलं म्युच्युएलचं कार्ड थेट त्या संस्थेकडून आलेलं नाही, मधे जवळजवळ दोनशे वर्षांचे कायदे आणि लढे आहेत. पण ज्या लोकांनी ही कल्पना जगून दाखवली ते माझ्याच इमारतीसारख्या इमारतींत राहत होते. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की आपण साखर आणि दुधाकडे पाहतो. त्याचा एक नातेवाईक इथे, रेशमात आहे.

या शहरातलं सगळ्यांत मोठं नवल दारामागे आहे. ल्योंच्या जुन्या भागात आणि क्र्वा-रुसवर ‘त्राबूल’ नावाच्या वाटा आहेत. एका रस्त्यावरच्या साध्या दारातून आत शिरायचं, बोळ, मग चौक, कधी जिना, आणि थेट पलीकडच्या रस्त्यावर बाहेर पडायचं. सोनकाठच्या जुन्या वस्तीत त्या नदीकडे जाण्यासाठी झाल्या, टेकडीवर कापडाचे तागे पावसात न भिजवता खाली नेण्यासाठी कामी आल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा ताबा असताना प्रतिकार चळवळीच्या लोकांना याच वाटांनी निसटता येत असे. त्यांतली सर्वांत लांब म्हणून जी दाखवतात ती सें-झां रस्त्यावरच्या 54 नंबरपासून बफ रस्त्यावरच्या 27 नंबरपर्यंत जाते. टेकडीवर प्लास कोल्बेरच्या 9 नंबरला ‘कूर दे व्होरास’ आहे. चौकात उभा असलेला सहा मजली उघडा दगडी जिना, आणि प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी सायकली, कुंड्या.

शहरात अशा शेकडो वाटा आहेत, त्यातल्या काही डझन लोकांसाठी खुल्या आहेत. त्या खुल्या कशा राहतात ते मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या वयस्क मादामनी समजावून सांगितलं. इमारत खासगीच असते. रहिवासी दिवसा लोकांना जाऊ-येऊ देतात आणि त्याबदल्यात नगरपालिका सफाई, दिवे, दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलते, असा लेखी करार असतो. संध्याकाळी दार बंद होतं. आत ‘आवाज करू नका’ अशी पाटी असते, कारण डोक्यावर कुणाची तरी निजायची खोली आहे. या मादामच्या आजी विणकर होत्या. घरासमोरून रोज गटागटाने जाणाऱ्या पर्यटकांचा त्रास होतो का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की त्रास होतोच, पण दार बंद केलं तर ती वाट संपेल.

हा सगळा भाग आज उभा आहे तो योगायोगाने नाही. 1950 च्या दशकात जुनं ल्यों पडीक, दमट वस्ती समजली जात होती आणि महापौर लुई प्रादेल मोटारींसाठी मोठे रस्ते काढण्याच्या बाजूचे होते. एक रस्ता थेट जुन्या वस्तीतून जायचा होता. तिथल्या रहिवाशांच्या संघटनेने तो अडवून धरला. 1962 मध्ये संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांचा कायदा आला. एखादी वास्तू जपून न थांबता आख्खी वस्ती जपायची, असा तो कायदा. 1964 मध्ये जुनं ल्यों हा त्याखालचा देशातला पहिला संरक्षित भाग ठरला आणि 1998 मध्ये क्र्वा-रुसच्या उतारांसह शहराचा मोठा तुकडा जागतिक वारसा यादीत गेला. पुणे, नाशिक, वाई इथल्या वाड्यांविषयी आपण हळहळतो तेव्हा ल्योंचं हे उदाहरण समोर ठेवावं. इथे हळहळीच्या आधी भांडण झालं होतं.

रोजचं जगणं यातच चालतं. क्र्वा-रुसच्या मुख्य रस्त्यावर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. गाड्यावर पोहोचल्यावर आधी ‘बाँझूर’ म्हणायचं, मगच भाव विचारायचा. त्याशिवाय विकणारा उत्तर देत नाही आणि मला ती रीत आवडते. शरद ऋतूत रस्त्यावर जत्रा लागते, भाजलेल्या चेस्टनटचा वास घरात येतो. बेसन, हिंग, कढीपत्ता यांसाठी रोन ओलांडून गियोतिएर भागात जावं लागतं. तिथे आशियाई, अरब, आफ्रिकी दुकानं एकाला एक लागून आहेत. शाकाहारी माणसाला ल्योंच्या प्रसिद्ध खानावळी कठीण जातात, कारण त्यांचं खाणं आतड्या-काळजापासून सुरू होतं. पण ताज्या मऊ चीजमध्ये लसूण, लहान कांदा, पात, तेल आणि व्हिनेगर घालून केलेलं ‘सेर्व्हेल द कानू’ प्रत्येक खानावळीत मिळतं, नाव विणकरांचं आणि खाणंही त्यांचंच. या शहराचं नाव जेवणासाठी जगभर झालं ते पोल बोक्यूझमुळे, असं सांगतात. बोक्यूझ उमेदवारीला होता युजेनी ब्राझिए या बाईंकडे. शेतावरून आलेल्या, घरकाम करणाऱ्या या बाईंनी 1921 मध्ये टेकडीच्या पायथ्याशी रॉयाल रस्त्यावर खानावळ काढली आणि 1933 मध्ये दोन खानावळींना मिळून मिशेलिनचे सहा तारे मिळवले. त्यांचं नाव आधी घ्यायला हवं.

काही गोष्टींची सवय आपोआप होते. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता शहरभर भोंगा वाजतो. ती संकटाच्या इशाऱ्याची चाचणी असते, कुणी मानही वर करत नाही. सोलापूरच्या माणसाला भोंगा म्हणजे गिरणीची पाळी, त्यामुळे माझं लक्ष दर वेळी जातं.

आठ डिसेंबरची रात्र मात्र सवयीची होऊ नये. 1852 साली फुर्व्हिएरवर मेरीची मूर्ती बसवायची होती. सप्टेंबरचा मुहूर्त सोनच्या पुरामुळे पुढे गेला. डिसेंबरातही त्या संध्याकाळी वादळ आलं आणि समारंभ रद्द होणार असं वाटत असताना आभाळ मोकळं झालं. लोकांनी आपणहून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आज त्याचा चार दिवसांचा प्रचंड दीपोत्सव झाला आहे, इमारतींवर चित्रं खेळतात, लाखोंनी माणसं येतात. पण आठ तारखेला आमच्या गल्लीत अजून जाड काचेच्या पेल्यांत मेणबत्त्या लावून त्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडतात, आपल्या पणत्यांसारख्या. 2015 मध्ये पॅरिसवरच्या हल्ल्यांनंतर मोठा उत्सव रद्द झाला. त्या रात्री शहराने केवळ खिडक्यांत दिवे लावून मृतांना आदरांजली वाहिली. जुन्या ल्योंकरांकडून ऐकावं, खरा उत्सव तोच.

मुंबईशी या शहराचा एक धागा आहे, तोही कामगारांचाच. 1895 च्या मार्चमध्ये ल्योंच्या मोंप्लेझिर भागात ल्युमिएर बंधूंनी आपल्या कारखान्याची सुट्टी झाल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चित्रण केलं, त्यात बायका पुष्कळ आहेत. त्या कारखान्याचा सांगाडा जपून ठेवला आहे आणि रस्त्याचं नावच ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’ असं आहे. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचे जे लघुपट दाखवले गेले त्यांत हे चित्रणही होतं. तो खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजेच सावेदादांनी कॅमेरा मागवला. भारतातल्या चित्रपटाची सुरुवात आपण दादासाहेब फाळक्यांपासून सांगतो, ती ल्योंच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या या बायकांपासून सांगायला हवी.

टेकडीवर एका उंच इमारतीच्या आंधळ्या भिंतीवर 1,200 चौरस मीटरचं चित्र आहे. 1987 मध्ये रंगवलेलं हे चित्र क्र्वा-रुसचाच रस्ता, जिना, घरं दाखवतं. 1997 आणि 2013 मध्ये ते पुन्हा रंगवलं, आणि प्रत्येक वेळी चित्रातली माणसं तेवढ्या वर्षांनी म्हातारी केली. तिथून जाताना मला सोलापूर आठवतं. तिथे 1877 मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांनी हातमाग आणले, मग यंत्रमाग आले, आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते माग चालवणाऱ्यांचं, कांड्या भरणाऱ्या बायकांचं, कार्डं पाडणाऱ्या कारागिरांचं एकही घर आपण जसंच्या तसं जपलेलं मला माहीत नाही. ल्योंमध्ये हे काम सरकारने सुरू केलं नाही. आधी रहिवाशांनी केलं, नगरपालिका नंतर आली. सोलापुरात, इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत, येवल्यात हे आजही करता येईल, कारण ते काम करणारी माणसं अजून हयात आहेत. तुमच्या घरात किंवा गल्लीत असं कुणी असेल तर या दिवाळीत त्यांच्यासमोर फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून बसा. ताणा कसा भरायचा, नक्षी कोण काढायचं, मजुरी कशावर ठरायची, संपात घर कसं चाललं, हे त्यांना विचारा आणि ते सांगतील तसंच लिहून ठेवा.